जिवंत बाईचं तेरावं

मी पुस्तकं वाचत नाही, पुस्तकांचे फोटो काढते. दिवसभर जुन्या पुस्तकांत बसलेली बाई म्हणजे मोठी विद्वान असणार, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात काम असं : काळं कापड अंथरायचं, त्यावर पुस्तक ठेवायचं, वर स्टँडला कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. पान उलटायचं, बोट काढून घ्यायचं, बटण दाबायचं. तीनशे पानांच्या पुस्तकात नजरेला पडतात ते पानांचे आकडे आणि फाटलेले कोपरे. मजकुरात रमलात की एखादं पान सुटतं, आणि सुटलेलं पान पुण्याचे आमचे साहेब बरोबर पकडतात.

पुण्यातल्या एका संस्थेसाठी मी नऊ वर्षं भोर आणि वेल्हे तालुक्यांत हे काम करते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची छापील मराठी पुस्तकं शोधायची, मालकाच्या दारात बसून फोटो काढायचे, प्रत्येक पुस्तकाचा एक अर्ज भरायचा आणि पुस्तक जागच्या जागी परत द्यायचं. आम्ही पुस्तक नेत नाही, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. नसरापूरच्या एका दुकानदाराने दोन तास माझ्याशेजारी उभं राहून पहारा दिला आणि शेवटी विचारलं, “ताई, फोटो काढल्यावर अक्षरं फिकी होत्यात का?”

मार्गासनीजवळच्या एका घरात दसऱ्याला एका बासनाची पूजा होते. लाल कापडात बांधलेला ग्रंथ, आजोबांच्या आजोबांपासूनचा. तो सोडू द्यायला घरातले तीन वर्षं तयार नव्हते. चौथ्या वर्षी सोडला, तर वाळवीने आतलं सगळं खाल्लेलं. दोन पुठ्ठे आणि मधे माती. घरातले म्हातारबाबा बराच वेळ त्या मातीकडे बघत बसले. मग म्हणाले, “बांदा परत.” आजही पूजा चालू आहे. मी अर्जात ‘पाने : शून्य’ असं भरलं, आणि साहेबांनी फोन करून मला चेष्टा करू नका असं बजावलं.

असे किस्से सांगून हा लेख संपवता आला असता. पण संपादकांनी विचारलं, “नऊ वर्षांत कुठलं काम मनाला लागून राहिलं?” तर एकच. त्यात मी वागले ते बरोबर की चूक, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

त्याआधी माझ्याविषयी थोडं. माझ्या वडिलांचा भोरमध्ये पायाने चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील जगायचे. धरणात जमिनी गेलेल्यांची पत्रकं, शिक्षकांची, मोलकरणींची. माझ्या वयाची मुलं ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ आणि ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’ वाचत होते. वडिलांचा एक नियम होता. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. त्या नावापायी ते दोनदा पोलीस चौकीत बसून आले, पण नाव कधी गाळलं नाही. बिननावाचं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, असं ते म्हणत. मी हे सगळं दुधाबरोबर प्यालेली मुलगी आहे.

तर ते पुस्तक. भोरमधल्या एका निवृत्त वकिलांच्या कपाटात सापडलं. एका बाजूला कायद्याची पुस्तकं, एका बाजूला पोथ्या आणि मधे ही दोनशे पानांची गोष्ट. जुन्या रोम शहरातली एक दासी येशूला मानू लागते, मालक तिला छळतो, शेवटी तिला मारतात. गोष्टीत जागोजागी प्रार्थना आणि उपदेश. मिशनच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापलेली.

वकीलसाहेब म्हणाले, “आमच्या पणजोबांनी हे का घेतलं असेल, देव जाणे. कागद चांगला आहे बघा.”

मला कागदापेक्षा पहिलं पान दिसत होतं. लेखकाच्या नावाच्या जागी छापलं होतं, हिरडस मावळातल्या एका विधवेने रचलेली गोष्ट. हिरडस मावळ म्हणजे आपलाच भाग, भोरहून वरंधा घाटाकडे जाणारी खोरी. माझा हात थांबला. त्या दिवशी मी नियम मोडला आणि वाचत बसले.

त्या बाईने रोम पाहिलं नव्हतं, हे दोन पानांत कळतं. तिच्या रोममधले शेतकरी डोंगरउतारावर राब भाजतात. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची आणि मग नाचणीचं रोप टाकायचं, ही आपल्या मावळातली रीत. कैसराचा शिपाई भर पावसात इरलं पांघरून तुरुंगाच्या दारात उभा असतो. दासीला शिक्षा म्हणून मालकीण जात्यावर नाचणी दळायला बसवते. मला हसू आलं, आणि लगेच हसल्याची लाज वाटली. जे ठाऊक होतं त्याच मातीचं तिने रोम उभं केलं होतं. ही बाई आमच्या पुस्तकांच्या इतिहासात कुठेच नव्हती. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, बहुधा एखाद्या मिशनरी मडमेने लिहून विधवेचं नाव पुढे केलं असेल. त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात जाळ झाला. मडमेला राब कसा कळणार?

प्रस्तावनेखाली दोन आद्याक्षरं होती, आणि आत एवढंच की दुष्काळात पोटची मुलगी कडेवर घेऊन आपण गाव सोडलं. तेवढ्यावर मी शोध सुरू केला. हिर्डोशीच्या पुढच्या वाड्यांवर एसटी दिवसातून एकदा, तीही आली तर. बाकी पायी. दोन महिने मी दर रविवारी एका वाडीत जाऊन म्हाताऱ्या बायकांशेजारी बसत होते. वाडीचं नाव मी लिहीत नाही. त्या लेखिकेचंही या लेखात नाव नाही. ते का, हे पुढे येईलच. जिवंत माणसांची नावं बदलली आहेत.

अशाच एका ओट्यावर सरूआजी भेटल्या. ऐंशीच्या घरात, हाताने अजून नाचणी पाखडणाऱ्या. मुलीला घेऊन गाव सोडलेल्या विधवेबद्दल विचारलं तसं त्यांनी सूप खाली ठेवलं.

“आमच्यात हुती एक. माज्या आजेसासऱ्याच्या बाची भन. किरिस्ताव झाली. पोर काखंत मारून पुण्याला ग्येली, तितं शाळंत पोरी शिकवायची म्हणं.”

नाव विचारलं. पहिलं अक्षर जुळलं. सासरचं आडनाव विचारलं. दुसरंही जुळलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं हे?”

“सासूनं. सासूला तिच्या सासूनं. बापे न्हाई बोलत त्यावर.”

त्यांनीच मला देवळात नेलं. गाभाऱ्याबाहेर पाण्याने भरलेला एक तांब्याचा हंडा होता. त्याच्या काठावर कोरलं होतं, ‘कै.’, मग त्या बाईचं नाव, ‘हिच्या स्मरणार्थ’ आणि साल. मी साल बोटाने पुसून पुन्हा वाचलं. पुस्तक छापलं गेलं त्याच्या सोळा वर्षं आधीचं साल होतं ते.

“आजी, ही ती नव्हे. ही तर आधीच वारली.”

“कोण वारली? तिच्या नावानं आंगुळ केली, पोरी. ती पुण्यात जित्ती हुती. भावानं हितं नदीवर जाऊन आंगुळ केली, तेरावं घातलं. त्याबिगर गाव त्याला इस्तू दीना का पानी दीना. हंडा दिल्यावर घेतला त्याला पंगतीत.”

‘त्याच्या नावाने आंघोळ केली’ हे मी हजारदा ऐकलं होतं, बोलले होते. त्या दिवशी प्रथमच ते तांब्यावर कोरलेलं पाहिलं. एक बाई पुण्यात कुठल्याशा शाळेत मुलींना अक्षरं शिकवत होती, रोमची गोष्ट रचत होती, आणि तिच्या गावात तिच्या नावामागे ‘कै.’ लागलेलं होतं. त्या हंड्यातलं पाणी गाव सव्वाशेहून जास्त वर्षं पीत होतं.

मी तिथेच म्हटलं, “आजी, मी हे छापणार. तिचं नाव पुस्तकावर लावणार.”

सरूआजी म्हणाल्या, “लाव की. पर आमच्या नातीचं, अश्विनीचं जमलंय वेल्ह्याकडं. वैशाकात हाये. तिला हळद लागू दे, मंग लाव काय लावायचं त्ये.”

“सव्वाशे वर्षं थांबली आहे ती.”

“मंग आनखी दोन म्हैने थांबली तर काय बिगाडतंय?”

मी भोरला आले आणि चार दिवसांत पत्रक लिहिलं. हळद लागेपर्यंत सत्य दाबून ठेवायचं, म्हणजे आपणही त्या पंगतीतच बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. चार पानी पत्रक. बाईचं नाव, गावाचं नाव, हंड्याची हकीकत. ‘गावाने मारलेली लेखिका’ असा मथळा. खाली माझं नाव, ठळक. भोरच्या एसटी स्टँडवर मी स्वतः उभी राहून वाटलं. कुणीतरी त्याचा फोटो मोबाईलवर फिरवला. पत्रकांचा जन्म फिरण्यासाठीच असतो. मला त्याचा अभिमानच वाटला.

ते वेल्ह्याला पोचायला दोन दिवस लागले.

सरूआजींचा मुलगा दत्तूदादा एका सकाळी मी काम करत होते त्या वाचनालयात आले. अश्विनीचे वडील. मी त्यांना एकदाच ओझरतं पाहिलं होतं. ते बाकावर बसले आणि माझं काम बघत राहिले. मी दहा-बारा पानं उलटली.

“चहा घेणार का, दादा?” मी विचारलं.

“नगं. तुमचं चालू द्या. बोटं लई सांबाळून काढता तुमी.”

मी दिवे बंद केले.

“नवऱ्यामुलाचा चुलता आलता काल,” ते म्हणाले. “चांगला मानूस हाय. म्हनला, आमचं काय न्हाई हो, पर भावकी इचारती. तुमच्यात कोन बाटलं हुतं का? म्या म्हनलं, न्हाई. त्यो म्हनला, मंग ह्ये काय? आन् तुमचा कागद काडला.”

“दादा, सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आज कोण...”

“आज कोन, त्ये तुमी एसटी स्टँडावर उबं ऱ्हाऊन बोला. माज्या ओट्यावर बसून नगा बोलू.” आवाज चढला नव्हता. त्यांनी मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. हंड्याचा फोटो होता. “वरनं काडलाय, तुमच्यावानी. सावली पडू दिली न्हाई. साल वाचा.”

मी वाचलं.

“आता तुमच्या पुस्तकाचं साल सांगा.”

मी सांगितलं.

“मेलेली बाई पुस्तक लिवती का? तुमच्या साहेबाला इचारा. ती मेली तवा मेली. पुस्तक दुसऱ्या कुनाचं तरी हाय. एवडं तुमी लिवून द्या. तुमच्या हापिसच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी.”

“तुम्हाला खरं काय ते माहीत आहे.”

“मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय. त्येंना कागद पायजे. तुमी कागदाची मानसं ना?” त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. “ती मेलेली हाय, ताई. पैल्यांदा काय न् दुसऱ्यांदा काय. माजी पोरगी जित्ती हाय.”

मी नाही म्हणाले. त्या दिवशी नाही म्हणाले, याची नोंद मला इथे करायची आहे. खोटं लिहून देणं मला जमणार नाही असं स्पष्ट सांगितलं आणि दत्तूदादा उठून गेले. त्यांनी शिवी दिली नाही, दार आपटलं नाही. तसं काही केलं असतं तर मला ठाम राहणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. सरूआजी माझ्या बाजूने बोलतील अशी मला खात्री होती. अश्विनी आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही. नसरापूरला एका कपड्यांच्या दुकानात ती कामाला जायची. त्या आठवड्यात तिने जाणं बंद केलं होतं. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं विचारायची म्हणून.

सरूआजींच्या पुढ्यात एक कागद होता. दत्तूदादांनी कुणाकडून तरी लिहून आणलेला. ‘सदर पुस्तकाशी आमच्या घराण्याचा काहीही संबंध नाही.’ खाली निळा अंगठा.

“आजी, हा अंगठा तुम्ही उठवलात?”

“म्याच.”

“तुम्हीच तर मला सांगितलं होतं...”

“सांगितलं हुतं. थांब म्हनून बी सांगितलं हुतं. एक ऐकलंस, एक न्हाई.” त्या कडवट बोलत नव्हत्या, दमलेल्या होत्या. “आन् तिनं सोता कुठं घातलं नाव? विधवा म्हनून बसली ना? तिला भावाची काळजी हुती. तुला कुनाची हाय?”

मी म्हणाले, “तिला नाव घालू दिलं नाही तुमच्या गावाने.”

“आसंल. पर तवा गावानं दिलं न्हाई, आन् आता तू घातलंस. तिला कुनी इचारलं का?”

मी आतल्या दाराकडे बघितलं. अश्विनीची पाठ दिसत होती. भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

मी भोरला परतले आणि पत्र लिहिलं. ते मला पाठ आहे. ‘देवळातील हंड्यावरील नोंदीनुसार सदर महिलेचे निधन पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी सोळा वर्षे झाले होते. त्यामुळे ती या पुस्तकाची लेखिका असणे संभवत नाही. याआधी प्रसिद्ध झालेल्या पत्रकातील मजकूर पुरेशा पुराव्याअभावी मागे घेण्यात येत आहे.’ नीट बघा, यातलं पहिलं वाक्य शब्दशः खरं आहे. नोंदीत तसंच आहे. आमच्या धंद्यात खोटं असंच बोलतात, नोंदीचा आधार घेऊन. खाली सही केली, शिक्का मारला, एक प्रत दत्तूदादांना दिली आणि एक सरूआजींच्या कागदासह पुण्याला पाठवली. पुस्तकाच्या अर्जात ‘लेखक’ या रकान्यात भरलं : अज्ञात.

वैशाखात अश्विनीचं लग्न झालं. मला पत्रिका आली नाही, यायचं कारणही नव्हतं.

लग्नानंतर पंधरा दिवस मी कसेबसे काढले आणि पुण्याला साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. अर्ज बदला, तिचं नाव लावा, पत्र मी दबावाखाली लिहिलं. साहेबांनी फाइल उघडली. वर माझं पत्र, त्याखाली सरूआजींचा अंगठा.

“सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग उद्या तिसरं पत्र आणाल, त्यावर मी का विश्वास ठेवू?” ते वाईट माणूस नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, “त्या घरातलं जिवंत माणूस येऊन माझ्यासमोर सांगत असेल, तर बघू.”

मी तशीच वाडीवर गेले. दुपारची वेळ, दत्तूदादा बैल घेऊन नदीकडे गेलेले. सरूआजी एकट्याच ओट्यावर होत्या. मी म्हटलं, “आजी, हळद लागली. आता चला पुण्याला. गाडी मी करते.”

त्यांनी मला ओट्यावर बसायची खूण केली.

“लगीन झालं म्हंजी सुटलो, आसं मला बी वाटलं हुतं,” त्या म्हणाल्या. “आता तर पोरगी त्येंच्या घरात हाय. आदी मोडलं आसतं तर आमच्या घरात रडली आसती. आता बोललं तर तितं एकटी रडंल. उद्या तिला पोर हुईल. मंग त्या पोराचं बगावं लागंल. ह्येला शेवट न्हाई, पोरी. तू दोन म्हैने थांबली आसतीस तरी म्या हेच बोलले आसते. तवा मला ठावं नव्हतं एवडंच.”

मी या लेखाचं विचारलं. या वेळी विचारलं. त्या म्हणाल्या, “गोष्ट सांग. नाव नगं.” म्हणून हा लेख असा आहे. नाव गाळून लिहिलेला हा माझा पहिला मजकूर. लेखिकेला ‘अज्ञात’ ठरवणं मला पटलेलं नाही, आजही पटत नाही, आणि ते कागदावर मीच ठरवलं आहे.

मी उठायला लागले तेव्हा सरूआजींनी विचारलं, “त्यात लिवलंय काय, त्ये तरी वाच की. आमच्यात कुनी आयकलंच न्हाई.”

माझ्या लॅपटॉपमध्ये फोटो होते. नदीचा प्रसंग असलेलं प्रकरण मी उघडलं. दासीने नवा धर्म घेतला म्हणून तिच्या घरचे तिला मेली असं जाहीर करतात. तिचा भाऊ नदीवर येऊन तिच्या नावाने आंघोळ करतो, आणि ती पलीकडच्या काठावर झाडाआड उभी राहून बघते. रोममध्ये अशी आंघोळ कुणी करत नसेल. जुनी भाषा, मी सोपी करून सांगत होते.

“शिव्या दिल्यात का तिनं भावाला?” सरूआजींनी विचारलं.

“नाही.”

“मंग काय म्हनती?”

“म्हणते, देवा, सकाळचं पाणी गार आहे. ह्याला लवकर वर येऊ दे. ह्याला खोकला आहे.”

सरूआजींनी पदराने तोंड पुसलं, जोरात, घाम पुसावा तसं.

“आमच्या घरातल्या समद्या बाप्यांना हाय त्यो,” त्या म्हणाल्या. “आजेसासरा खोकूनच ग्येला. मालकबी. थंडीत दत्तू झोपू देत न्हाई.”

असा पुरावा कुठल्या रकान्यात भरतात, मला माहीत नाही.

“फुडं काय झालं तिचं?”

“मारलं तिला. सिंहापुढे टाकलं.”

“कुनी?”

“राजाने.”

“राजानं,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा, “राजावर घातलं तिनं समदं.”

खालच्या वाटेने बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. सरूआजींनी लॅपटॉपवर हात ठेवला.

“मीट त्ये. दत्तू आला.”